'कंदिसा'ची पंचविशी : अख्खा अल्बम ठाण्यात, नाट्यगृहात ऐकायला मिळावा

तलावपाळी (धागाकर्ता)

'इंडियन ओशन'चा 'कंदिसा' २००० साली आला, म्हणजे २०२५ मध्ये त्याला पंचवीस वर्षं झाली. एवढा मोठा टप्पा आणि आपल्याकडे त्यावर एक धागा नाही, हे मनाला पटेना. मागणी शीर्षकातच लिहिली आहे. सगळा अल्बम, एकही गाणं न गाळता, आपल्या ठाण्यातल्या नाट्यगृहात खुर्चीवर बसून ऐकायला मिळावा.

नव्या मंडळींसाठी थोडी माहिती. दिल्लीचा बँड, १९९० पासूनचा. 'कंदिसा'च्या वेळी चौघं होते : गिटारवर सुश्मित सेन, तबला आणि गायन असीम चक्रवर्ती, बेस आणि गायन राहुल राम, ड्रम्सवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३ साली आला होता, त्यानंतरचा 'डेझर्ट रेन' हे तर थेट कार्यक्रमाचंच ध्वनिमुद्रण. मग टाइम्स म्युझिकनं 'कंदिसा' काढला आणि देशभरातल्या कॉलेजांत हे नाव पोचलं.

तेव्हाचे दिवस आठवा. कॉलेजच्या फेस्टिव्हलात रॉक म्हणजे परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवून दाखवायची. स्वतःचं गाणं लावलं की खालून 'कव्हर वाजवा' म्हणून ओरडा व्हायचा. अशा वेळी एका अल्बममध्ये नर्मदाकाठचं लोकगीत, भोजपुरी कविता आणि केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन अरामी प्रार्थना शेजारी शेजारी आली, आणि तिन्ही एकाच घरातली वाटली.

याला फ्यूजन म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी एकदा नुसता ताल ऐकावा. तबला इथे ड्रम्सच्या वर शोभेला ठेवलेला नाही. ठेका दोघांत वाटलेला आहे. खालचा ठोका ड्रम्सचा, मधल्या मोकळ्या जागा तबल्याच्या. आणि तबला वाजवणाराच गातोय, त्यामुळे शब्द कुठे टाकायचा हे त्याच्या बोटांना आधी कळतं. सुश्मितची गिटार कॉर्ड धरून मागे उभी राहत नाही, ती सतत काहीतरी सांगत असते. 'लीव्हिंग होम'ला शब्द नाहीत, तरी त्या नावाचा सगळा अर्थ गिटारमधून कळतो.

बँड आजही कार्यक्रम करतो. 'कंदिसा', 'मा रेवा', 'हिल्ले ले' मी प्रत्यक्ष ऐकलीत. पण ती इतर गाण्यांत मिसळून, आणि शेवटी घाईघाईत. पंचविशीच्या निमित्तानं पूर्ण अल्बम वाजावा असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर काय करता येईल?

जुनी_कॅसेट

वाटतं का म्हणजे काय! अगदी मनातलं लिहिलंत, तलावपाळी.

मी कळव्याची. माझ्याकडे कॅसेट आहे, थोरल्या भावानं व्हीटीच्या प्लॅनेट एम या दुकानातून आणलेली. तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती, ती २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. भावाचं कॉलेज वाशीला, त्यामुळे कुर्ल्याला गाडी बदलायची आणि वॉकमनवर बाजू बदलायची हे एकाच वेळी व्हायचं. घरी आला की वॉकमन माझा.

मला पहिल्यांदा पकडलं ते 'हिल्ले ले'नं. गोरख पांडेंची कविता आहे हे खूप नंतर कळलं. आंदोलनांत, मोर्च्यांत गायली जाणारी कविता. त्यात राग आहे, पण बँडनं तो ओरडून दाखवला नाही. ठेकाच असा धरलाय की उठून चालायला लागावं. आमच्या चाळीत कामगार रंगभूमीवरची माणसं राहायची, त्यांतल्या एका काकांनी दारात उभं राहून पूर्ण गाणं ऐकलं आणि 'पुन्हा लाव' म्हणाले. रॉक ऐकणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्या चाळीत हे घडलं.

घंटाळीकर

+१. वाचनखूण साठवली. कार्यक्रम ठरला तर चार तिकिटं माझी.

उरणफाटा

मी 'मा रेवा'बद्दल लिहिणार आहे. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

राहुल राम हा बँडमध्ये स्थिरावण्याच्या सुमाराला नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर अमेरिकेत, कॉर्नेलमध्ये पीएचडी केलेला माणूस खोऱ्यातल्या गावांत राहिला आणि तिथली गाणी घेऊन आला. 'मा रेवा' हे त्या काठावरचं गाणं. नदीची स्तुती आहे, तिच्या पाण्याची. धरण, विस्थापन, मोर्चा यांतलं काही त्यात नाही. पण हे गाणं २००० साली बाजारात आलं आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं सरदार सरोवराचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. आपल्या महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाच्या बुडितात. त्यांतल्या मणिबेलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल.

आम्ही आगरी. आमची जमीन सिडकोच्या संपादनात गेली. १९७० साली सिडको झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला जे झालं, पाच माणसं गोळीबारात गेली, ते आमच्या घरात दर वर्षी सांगितलं जातं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचं जे धोरण आलं ते त्या रक्तावर आलं. माझे आजोबा मिठागरात काम करायचे आणि खाडीला नमस्कार केल्याशिवाय होडीत पाय ठेवायचे नाहीत. ते मिठागर आता नाही.

म्हणून 'मा रेवा' लागलं की मला नर्मदा दिसत नाही, आमची खाडी दिसते. ज्याच्याकडून काठ काढून घेतला त्याला त्या गाण्यातली माया कळते. मंत्रालयावर मोर्चा नेताना जे म्हणता येत नाही ते या गाण्यात म्हटलंय : हे पाणी आमचं आहे कारण आमचं त्याच्यावर प्रेम आहे. एवढा साधा दावा कुठल्याही अर्जात लिहायला जागा नसते.

हे गाणं नवी मुंबईत किंवा ठाण्यात वाजावं, खाडीच्या या किंवा त्या अंगाला, ही माझीही इच्छा. दोन ओळींत लिहिता आली असती, पण कारण सांगायचं होतं.

जुनी_कॅसेट

उरणफाटा, दंडवत घ्या. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा.

घोडबंदर_रोड

मला विरोधी सूर लावायचा आहे, आणि तो अल्बमवरच्या प्रेमापोटीच आहे.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. सुश्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. तलावपाळींनी वर ज्या दोन गोष्टींचं वर्णन केलं, गाणाऱ्याच्याच हातातला तबला आणि सतत बोलणारी गिटार, त्या दोन्ही गोष्टी या दोघांच्या होत्या. मग पंचविशीला रंगमंचावर नक्की काय साजरं होणार? आजचा बँड उत्तम आहे. हिमांशु जोशींचा आवाज मला फार आवडतो, निखिल राव गिटारवर स्वतःचं काहीतरी घेऊन आलेत. त्यांनी 'तंदानू' आणि 'तू है' हे नंतरचे अल्बम वाजवावेत, मी पहिल्या रांगेत असेन. पण 'कंदिसा' जसाच्या तसा वाजवायला लावणं म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या सावलीत उभं करणं. असीमदांचा आवाज कानात असलेल्या माणसाला त्या दोन तासांत तुलना सोडून काही करता येणार नाही.

माझ्यासाठी 'कंदिसा' संपूर्ण आहे, त्या ध्वनिमुद्रणात. त्याला रंगमंच लागत नाही.

तलावपाळी

घोडबंदर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मी त्यावर बरंच आधीपासून विचार करतोय.

या अल्बममध्ये बँडनं स्वतः काय केलं ते बघा. 'कंदिसा' हे शीर्षकगीत म्हणजे ती अरामी प्रार्थना, ती त्यांची नव्हती. शतकानुशतकं केरळातल्या चर्चमध्ये गायली गेली, ती यांनी घेतली. 'मा रेवा' खोऱ्यातल्या लोकांचं. 'हिल्ले ले' गोरख पांडेंचं, आणि ते १९८९ मध्येच गेले होते. पहिला गाणारा समोर नसताना गाणं पुढे नेणं हेच तर या अल्बमचं काम आहे. मग असीमदांनंतर हिमांशु आणि आताचे तबलावादक तुहीन चक्रवर्ती यांनी ते पुढे नेलं तर ते अल्बमच्या स्वभावाला धरूनच होतं. आणि 'जसाच्या तसा' मी मागतच नाही. गाणी तीच असावीत, वाजवावं आजच्या हातांनी. निखिल रावनी सुश्मितच्या फ्रेजेस सोडून दिल्या तरी चालतील.

असीमदांच्या जाण्याचं दुःख मलाही आहे. बँडचं 'बंदे' हे गाणं ऐकताना अजून थांबावं लागतं. पण त्या दुःखामुळे ज्यांनी त्यांना कधीच प्रत्यक्ष ऐकलं नाही अशा विशीतल्या मुलांनी ही गाणी फक्त फोनवर ऐकावीत का?

बास_वाजवणारी

विशीतली मुलगी हजर आहे! घणसोलीत राहते, बेस शिकते.

तबला आणि गिटारवर सगळे लिहितायत म्हणून बेसबद्दल लिहिते. माझ्या सरांनी मला 'कंदिसा' ऐकायला लावला तो बेससाठी. राहुल राम एकाच वेळी गातो आणि वाजवतो, आणि गाण्याची ओळ आणि बेसची ओळ वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. हे किती अवघड आहे ते स्वतः करून बघितल्यावर कळतं. शिवाय या बँडमध्ये बेसला नुसतं ड्रम्सच्या किकबरोबर, म्हणजे पायानं वाजणाऱ्या ड्रमबरोबर, चिकटून चालत नाही, कारण तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गासुद्धा खालच्याच सुरांत असतो. तिघं एकाच पट्टीतल्या जागेसाठी भांडायला लागले तर सगळा गोंगाट होईल. राहुल बरेचदा वरच्या सुरांत जाऊन चाल वाजवतो आणि खालची जागा बायाँला मोकळी सोडतो. अमित किलम तर ड्रम्स सोडून मधेच गबगुबी हे तारेचं लोकवाद्य किंवा रेकॉर्डर ही बासरी उचलतो, तेव्हा सगळी मांडणीच बदलते.

हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, पण कोण कोणाकडे बघून जागा सोडतोय ते प्रत्यक्षच दिसतं. घोडबंदर काका, मला असीमदांशी तुलना करता येणार नाही, कारण मी त्यांना पाहिलेलंच नाही. मला हे शिकायचंय. त्यासाठी बँड समोर हवा.

नेरुळ_पूर्व

अख्खा अल्बम क्रमानं वाजवणं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १५ डिसेंबर २०१९ ला आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू हा आयरिश बँड आला होता. त्या दौऱ्याचा गाभाच १९८७ चा 'द जोशुआ ट्री' होता. अल्बममधली गाणी ओळीनं वाजवली. दुसऱ्या बाजूची, एरवी कधी न वाजणारी गाणी आली तेव्हाच खरे चाहते कोण ते आजूबाजूला कळलं. बाकीचे मोबाइल बघत होते, हे डोळे मिटून उभे. अल्बम पूर्ण वाजवण्याचा फायदा तोच. गाजलेल्या गाण्यांच्या आड राहिलेलं गाणं पुढे येतं. 'कौन' आणि 'खजुराहो'ला ते भाग्य मिळायला हवं.

२०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले तीन दिवस तिथेच होते, तेव्हा सगळ्या नेरुळ-सीवूडमध्ये माणसांचा पूर होता. मी दोन्ही कार्यक्रमांना आनंदानं गेलो. पण 'कंदिसा'साठी स्टेडियम नको. या संगीतात फार बारीक आवाज आहेत.

अवांतर : आमच्या सोसायटीत बरीच मल्याळी कुटुंबं आहेत. शेजारच्या आजींना मी शीर्षकगीत ऐकवलं होतं. प्रार्थना त्यांना पाठ. ड्रम्स सुरू झाल्यावर त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, हळू सुरू केलंय ते बरोबर केलंय, घाई केली नाही. नंतर त्यांच्या मुलानं ते गाणं आमच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमात लावलं.

साउंडचेक

मी ठाणे-डोंबिवली पट्ट्यात साउंडचं काम करतो. नाट्यगृह की मैदान, यावर थोडं धंद्यातलं बोलतो.

मैदानात रात्री दहाला आवाज बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियमही २००० सालचेच. बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, आवाज बाहेर जाऊ नये एवढंच. जवळ शाळा किंवा हॉस्पिटल असेल तर मैदानाचा विचारच सोडा. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं सभागृह कशामुळे गेलं ते जुन्या रॉकवाल्यांना माहीत आहे. त्या शांतता क्षेत्रात किती रात्री बुडाल्या!

पण नाट्यगृहाची स्वतःची अडचण असते. तिथली यंत्रणा नाटकाच्या संवादासाठी बसवलेली, बँडसाठी नाही. स्पीकर, मिक्सर, मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकायचे स्पीकर) सगळं बाहेरून आणावं लागतं. आणि या बँडचं गणित खास अवघड आहे. तबल्याला माइक जवळ लावला तरी तो उघडाच असतो, शेजारी ड्रम्स वाजले की ते त्या माइकमध्ये शिरतात. तबला वर काढायला जावं तर ड्रम्सच वर येतात. मॉनिटरचा आवाज वाढवला की तबल्याचा माइक शिट्टी मारतो. उपाय आहेत : ड्रम्सपुढे अॅक्रिलिकची आडोशाची पट्टी, वादकांना कानात घालायचे मॉनिटर, तबला आणि ड्रम्स रंगमंचाच्या दोन टोकांना. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सकाळपासून पूर्ण दिवस साउंडचेकला. दुपारी नाटकाचा प्रयोग आणि रात्री बँड असं करू नका. माझ्यासारख्या लोकांना तासाभरात सगळं उभं करायला लावतात आणि मग 'तबला ऐकूच आला नाही' म्हणतात.

ठाण्याचं गडकरी रंगायतन २०२५ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालंय. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, वाशीचं विष्णुदास भावे आहे. गाड्या-टेम्पो लावून सामान उतरवायला मला घाणेकर सोयीचं वाटतं. शनिवार-रविवार नाटकवाल्यांचे, ते त्यांच्याकडेच राहू द्या. आपण गुरुवार-शुक्रवार मागावा.

घंटाळीकर

घाणेकर रिक्षानं लांब पडतं हो. परतीला बस मिळत नाही. गडकरीहून स्टेशन चालत.

उरणफाटा

वाशीला केलंत तर आम्हा उरण-पनवेलवाल्यांना सोपं. पण कुठेही करा, येणार.

घोडबंदर_रोड

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. बास_वाजवणारी, तुमच्या प्रतिसादावर माझ्याकडे उत्तर नाही. जे मी पाहिलंय ते माझ्याकडे आहे, ते तुम्हाला नाकारायचा मला हक्क नाही. बँडनं स्वतःहून ठरवलं तर मी येईन.

तरी एक आग्रह आहे. आपण चाहते म्हणून जे करू शकतो ते आधी करूया. एक श्रवणसत्र. चांगल्या स्पीकरवर पूर्ण अल्बम, मध्ये बोलणं नाही, फोन बंद. असीमदा आणि सुश्मित यांचं त्या दिवशी आपण जे देणं लागतो ते तसंच दिलं जाईल. त्यानंतर जयदीप वर्मांचा 'लीव्हिंग होम' माहितीपट, रीतसर परवानगी मिळाली तर. २०१० साली तो चित्रपटगृहांत लागला होता आणि चौघंही त्यात आहेत. असीमदा बोलतात, हसतात, तबला लावतात. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी याहून जवळचं काही नाही.

बास_वाजवणारी

काका, हे फार आवडलं. मी माझ्या क्लासमधल्या सगळ्यांना घेऊन येते. सुश्मित सेन यांचं 'ओशन टू ओशन' हे पुस्तकही मी वाचतेय, त्यातलं थोडं त्या दिवशी सांगू शकेन.

जुनी_कॅसेट

जागा मी बघते. आमच्या कळव्यातल्या वाचनालयाच्या वरचा हॉल रविवारी सकाळी मिळू शकतो. पन्नासेक माणसं बसतील. सतरंज्या तिथेच आहेत, गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या मागवू.

नेरुळ_पूर्व

शेजारच्या आजींना आणतो. प्रार्थना कशी म्हणतात ते त्या आधी म्हणून दाखवतील, मी विचारलंय, तयार आहेत.

तलावपाळी

म्हणजे दोन कामं ठरली. श्रवणसत्र आपलं आपण करायचं, जुनी_कॅसेट हॉलचं बघतायत. दुसरं, बँडच्या व्यवस्थापनाला पत्र. त्यात नुसती विनंती नको. आमच्याकडे कुठली सभागृहं आहेत, आठवड्यातले कुठले दिवस रिकामे असतात, साउंडसाठी पूर्ण दिवस देण्याची तयारी आहे, आणि तिकीट काढून येणारे किती जण आहेत, हे सगळं लिहू. नुसतं 'या, या' म्हणून कोणी दिल्लीहून येत नाही, खर्च भरून निघेल असं दिसलं पाहिजे. पंचविशी २०२५ ची, पण कार्यक्रम त्यानंतर झाला तरी मला चालेल.

उरणफाटा, तुमचा 'मा रेवा'वरचा प्रतिसाद तुमची हरकत नसेल तर पत्राला जोडू का? इथे लोक का मागतायत ते राहुल राम यांना त्यातून जास्त कळेल.

मसुदा उद्या रात्री टाकतो. प्रत्यक्ष तिकीट काढणार असाल तरच नाव द्या, किती तिकिटं तेही लिहा.

उरणफाटा

हरकत कसली. जोडा. फक्त आजोबांबद्दलचं वाक्य आहे तसंच ठेवा. तिकिटं सहा.

साउंडचेक

श्रवणसत्राचे स्पीकर आणि अॅम्प माझे, भाडं घेणार नाही. टेम्पोचा खर्च वाटून घेऊ. जुनी_कॅसेट, हॉलच्या भिंती कसल्या आहेत आणि पंखे किती आवाज करतात ते कळवा, आणि कॅसेट आणणार असाल तर डेक मी साफ करून आणतो.

घोडबंदर_रोड

दोन तिकिटं. माझी सीडी आणतो, कॅसेट आणि सीडी दोन्ही लावू.